ओ. एस. : रुपयामागची दोन अक्षरे

हैदराबादच्या अंबरपेठेत पत्ता सांगायचा तर इंग्रजी आद्याक्षरांवाचून पान हलत नाही. बाग अंबरपेठेतली डी. डी. कॉलनी, पोलिसांची सी. पी. एल., शेजारी पसरलेले ओ. यू. यातल्या डी. डी. म्हणजे दुर्गाबाई देशमुख आणि ओ. यू. म्हणजे उस्मानिया युनिव्हर्सिटी. पण हे ठाऊक नसले म्हणून रिक्षावाल्याचे काही अडत नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी याच शहरात या सगळ्यांहून अधिक वेळा लिहिले जाणारे एक आद्याक्षरी रूप होते आणि आज ते कोणाच्याही तोंडी नाही. ते रूप म्हणजे ओ. एस. पगारपत्रक असो, कोर्टाचा हुकूमनामा असो वा घराचे खरेदीखत, रकमेच्या अलीकडे ही दोन अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ होता उस्मानिया सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया. संस्थानाच्या वैभवाबद्दल लिहिणारे या दोन अक्षरांकडे मोठ्या कौतुकाने बोट दाखवतात. स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःचे नाणे, एवढेच नव्हे तर स्वतःच्या कागदी नोटा. मग हैदराबाद सार्वभौम नव्हते असे कसे म्हणता, असा त्यांचा सवाल असतो. मला हा पुरावा नेमका उलटा दिसतो. ओ. एस. ही अक्षरे निजामाच्या सत्तेची खूण नव्हती, ती त्या सत्तेच्या मर्यादेची खूण होती. ज्या मुलखात एकच रुपया चालतो तिथे रुपयाला आडनाव लावावे लागत नाही.

हीच दोन अक्षरे इंग्रजीत आणखी कुठे कुठे येतात ते पाहिले तर मुद्दा उघड होतो. इंग्लंडच्या इतिहासाची पुस्तके चाळताना तारखांपुढे ओ. एस. लिहिलेले आढळते, तिथे त्याचा अर्थ जुनी कालगणना. १७५२ साली इंग्लंडने ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन पंचांग घेतले आणि २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर म्हणून मोजला. युरोपातले कॅथलिक देश दीड शतकाहून अधिक काळ आधीच नव्या पंचांगाने चालत होते, त्यामुळे पॅरिसला पत्र लिहिणाऱ्या इंग्रजाला आपली तारीख कोणत्या पंचांगाची हे सांगणे भाग पडे. गावातल्या गावात चिठ्ठी लिहिताना त्याला त्याची गरज नव्हती. जुन्या तारखेला ‘जुनी’ हे बिरुद चिकटले ते नवी तारीख शेजारी येऊन उभी राहिली म्हणून. नकाशांवरचे ओ. एस. हे ऑर्डनन्स सर्व्हे या खात्याचे नाव आणि आजच्या संगणकातले ओ. एस. आणखीच निराळे, त्यांचा इथे संबंध नाही. पंचांगाचे ओ. एस. आणि निजामाचे ओ. एस. मात्र एकाच गरजेतून जन्मले: दोन मोजमापे एकाच वेळी चालू असणे आणि त्यातले आपले कोणते हे दर वेळी सांगावे लागणे.

ही गरज सातवे निजाम उस्मान अली यांच्या काळात उपजली नाही. ‘सिक्का’ हा अरबी शब्द मुळात नाणे पाडायच्या ठशाचा. हिंदुस्थानात त्याला नव्या, पूर्ण वजनाच्या, बट्टा न लागणाऱ्या नाण्याचा अर्थ चिकटला. बंगालमध्ये कंपनीच्या अमलातही ताज्या सालाचा तो ‘सिक्का रुपया’ आणि काही वर्षे फिरून जुना झालेला तो बट्ट्याचा, असा भेद सराफ पाळत. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेनचा एकसारखा रुपया पाडला आणि त्या भेदाला इंग्रजी मुलखात ओहोटी लागली. हैदराबादेत मात्र टांकसाळी अनेक आणि सराफांची चांदी, अशी अवस्था पुढे बराच काळ राहिली. १८५७ पर्यंत निजामाची नाणी मोगल बादशहाच्या नावाने पडत होती, हेही विसरता कामा नये. दिल्लीतली गादी नावापुरती उरली होती, पण नाण्यावर नाव तिचेच. बंडानंतर बादशहा रंगूनला गेला आणि निजामाच्या नाण्यावर आसफजाहचे नाव आले. या नव्या नाण्याला ‘हाली सिक्का’ म्हणू लागले. हाली म्हणजे सध्याचा. आपण मराठीत रोज वापरतो तो ‘हल्ली’ याच घरातला. पहिल्या सालारजंगांनी, १८५३ पासून तीस वर्षे दिवाण असलेल्या त्या चाणाक्ष माणसाने, महसुलाची घडी बसवताना टांकसाळींचाही पसारा आवरला. विसाव्या शतकाच्या आरंभी सहावे निजाम महबूब अली यांच्या काळात यंत्रावर पाडलेला, चारमिनारचे चित्र असलेला रुपया आला. देखणे नाणे, यात शंका नाही. पण त्याचे नावही शेजारच्याकडे पाहूनच पडले होते. ‘सध्याचा’ म्हणायला ‘सध्याचा नसलेला’ दुसरा हाताशी असावा लागतो.

मग आले १९१८ साल, ज्याला मी हैदराबादच्या आद्याक्षरांचे साल म्हणेन. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना पैसा आणि माणसे पुरवल्याबद्दल १ जानेवारीला सातव्या निजामाला ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ ही पदवी मिळाली. इतर राजे नुसते एच. एच., हे एच. ई. एच. आदल्या वर्षी फर्मान निघालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच वर्षी स्थापन झाले, ते ओ. यू. आणि त्याच वर्षी युद्धामुळे पडलेल्या चांदीच्या टंचाईतून वाट काढायला संस्थानाला कागदी चलनाचा कायदा करू देण्यात आला. दहाच्या आणि शंभराच्या नोटा निघाल्या, पुढल्या वर्षी एकाच्या आणि पाचाच्या, १९२६ मध्ये हजाराचीही. चलनाचे अधिकृत नाव ठरले उस्मानिया सिक्का. त्या काळी हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थानाला अशा नोटा काढायची मुभा नव्हती. बडोद्याची बाबाशाही नाणी एकोणिसावे शतक सरता सरता मोडीत निघाली होती, बहुतेक संस्थानांनी टांकसाळी बंद केल्या होत्या. हैदराबाद अपवाद होते हे खरेच. प्रश्न एवढाच, की अपवाद करू देणारा कोण होता? एच. ई. एच. ही पदवी लंडनहून आली आणि नोटांची परवानगी दिल्लीहून. विद्यापीठ तेवढे निजामाच्या स्वतःच्या फर्मानातून निघाले, आणि या तिघांपैकी आज तेच उभे आहे. हा योगायोग असेल, पण नजरेत भरतो.

इथे पहिला आक्षेप येतो तो अर्थशास्त्राच्या अंगाने. उस्मानिया रुपयाचा दर संस्थान स्वतः राखत असे. १०० इंग्रजी रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सरळ हिशेबाने सहाला सात. असा दर वर्षानुवर्षे टिकवणे हे सार्वभौम खजिन्याचेच लक्षण नव्हे काय? आकडे तपासू. चारमिनारच्या रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी जेमतेम ८२ टक्के. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि चांदी जवळजवळ ९२ टक्के. दोन्हींतली शुद्ध चांदी काढून भागाकार केला की उत्तर सहाला सातच्या अगदी जवळ येते. म्हणजे दर हा काही निजामाच्या अर्थखात्याने आपल्या मर्जीने ठरवलेला आकडा नव्हता, तो दोन नाण्यांच्या पोटातल्या चांदीशी मिळताजुळता होता. पुढे कागद आला, चांदीचा संबंध सैल झाला, तरी दर तोच राहिला, कारण तो सोडायची सोय नव्हती. उस्मानिया रुपयाचे मोल इंग्रजी रुपयात मोजायचे आणि त्या मोजमापाला धक्का लागू द्यायचा नाही, हेच त्या चलनाचे मुख्य काम होऊन बसले. अर्थखात्याची शिस्त यात दिसते आणि तिचे श्रेय त्या काळच्या अर्थमंत्र्यांना, विशेषतः सर अकबर हैदरींना, द्यायला हरकत नाही. पण शिस्त आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

नोटांची कथाही हेच सांगते. पहिल्या नोटा लंडनच्या वॉटरलो छापखान्यात छापल्या जात आणि बोटीने येत. २० मे १९२२ ला ‘इजिप्त’ नावाची बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली. तिच्यात सोन्याचांदीच्या विटांबरोबर हैदराबादला निघालेल्या नोटांच्या गठ्ठ्यांचाही भार होता. जवळजवळ दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने काढायला सुरुवात केली तेव्हा त्या नोटाही वर आल्या. त्या हैदराबादला पोचल्याच नव्हत्या, सही व्हायची राहिली होती. त्यामुळे त्यांची किंमत संग्राहकांच्या हौसेपुरती. नाण्यांचे शौकीन आजही त्या विकत घेतात. पुढे नाशिकला सिक्युरिटी प्रेस निघाला आणि उस्मानिया नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या, म्हणजे निजामाचा रुपया इंग्रज सरकारच्या छापखान्यात. त्या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम लिहिलेली असे. ज्या राज्याच्या विद्यापीठात मराठी मुलाला उर्दूतूनच शिकावे लागे त्या राज्याच्या नोटेवर मराठी होती, ही गोष्ट मला नेहमी थोडी गमतीची वाटते. बाजारापुढे शासनाचे भाषाधोरण चालत नाही, एवढाच तिचा अर्थ. १९४१ मध्ये कायदा होऊन पुढल्या वर्षी हैदराबाद स्टेट बँक सुरू झाली आणि चलनाची व्यवस्था तिच्याकडे आली. बँक आपली, पण गंगाजळीचा मोठा वाटा कशात गुंतवलेला होता? हिंदुस्थान सरकारच्या रोख्यांत. ही बाब पुढे १९४८ मध्ये फार महत्त्वाची ठरली.

दुसरा आक्षेप साधा आहे आणि म्हणूनच जास्त वजनदार. इंग्रजी अक्षरे कारकुनांची; परभणीचा शेतकरी किंवा अंबरपेठेतला मजूर ओ. एस. म्हणत होता थोडाच? मग दोन अक्षरांवर एवढा इमला कशाला उभारायचा? खरे आहे, लोक ओ. एस. म्हणत नव्हते. ते ‘हाली’ म्हणत आणि इंग्रजी रुपयाला ‘कलदार’. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. गंमत अशी, की हालीही यंत्रावर पडू लागल्यावर कलदार हे नाव इंग्रजी रुपयाचेच राहिले. शब्दाचा मूळ अर्थ गळाला, भेद तेवढा उरला. कचेरीत जोडी होती ओ. एस. आणि बी. जी. यांची. बी. जी. म्हणजे ब्रिटिश गव्हर्नमेंटचा रुपया, आणि पुढे त्याच जागी आय. जी., इंडियन गव्हर्नमेंटचा. रस्त्यावर जोडी होती हाली आणि कलदारची. अक्षरे बदलली, भाषा बदलली, जोडी काही सुटली नाही. ती सुटावी कशी? अंबरपेठेहून काचीगुड्यावरून चालत गेले की सुलतान बाजार येतो. तो भाग १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता. हुसेनसागराच्या पलीकडे सिकंदराबादची छावणी, तिथल्या पलटणींचे पगार कलदारात. मराठवाड्यातून कापूस किंवा गुरे घेऊन वऱ्हाडात उतरणाऱ्याला सरहद्दीच्या अलीकडे हाली आणि पलीकडे कलदार. ज्या माणसाला एका दिवसात दोन राज्यांतून जायचे आहे त्याला आपल्या कनवटीला कोणता रुपया आहे हे माहीत असावेच लागते, आणि ते त्याला कारकुनापेक्षा जास्त माहीत होते. सराफाचा बट्टा त्याच्याच खिशातून जात होता.

तिसरा आक्षेप १९४७-४८ च्या घटनांवरून घेतला जातो, आणि माझ्या मते तोच माझ्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा आहे. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. थोड्याच दिवसांत संस्थानाचे पंतप्रधान लायक अली यांच्या सरकारने दोन वटहुकूम काढले: संस्थानातून भारतात मौल्यवान धातू नेण्यावर बंधन, आणि भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन मानले जाणार नाही अशी घोषणा. त्याच सुमारास पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिल्याची बातमी फुटली. दिल्लीने या गोष्टी कराराचा भंग म्हणून पुढे केल्या आणि वाटाघाटींत त्या अखेरपर्यंत सलत राहिल्या. आक्षेप घेणारा म्हणतो, पहा, आपले चलन हेच आपले स्वातंत्र्य असे हैदराबादचे राज्यकर्ते मानत होते. मानत होते यात वादच नाही. पण त्यांनी काय केले ते पहावे. ओ. एस. चा जयघोष करून त्यांचे भागले नाही. त्यांना शेजारचा रुपया घालवावा लागला. दुसरा रुपया हद्दपार झाला तरच आपला रुपया नुसता ‘रुपया’ होईल, ही अक्षरे लागणार नाहीत, हे लायक अली पुरते ओळखून होते. आणि २० कोटींचे कर्ज? ते उस्मानिया रुपयांत दिले नव्हते. ते भारत सरकारच्या रोख्यांत दिले होते. सार्वभौमत्वाचा दावा करणाऱ्या राज्याने एका नव्या राष्ट्राला मदत करायचे ठरवले तेव्हा द्यायला हाताशी जो खरा पैसा निघाला तो दिल्लीच्या सहीचा निघाला. कराचीत ओ. एस. घेऊन कोणी काय करणार होते?

मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांनाही या चलनाची ताकद कळली होती, तशी त्याची कमजोरीही. ३० जानेवारी १९४८ ला, संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक सैनिकांनी लुटली आणि सुमारे २१ लाख रुपये लढ्यासाठी ताब्यात घेतले. ‘लुटली’ हा शब्द मराठवाड्यात कोणी संकोचाने उच्चारत नाही. ती बँक निजामाच्या राज्ययंत्रणेचे अंग होती आणि तिच्यावरचा हल्ला हा पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्याइतकाच राजकीय होता. सरहद्दीच्या पलीकडून, भारतीय मुलखातल्या छावण्यांतून लढणाऱ्यांना शस्त्रे कलदारात मिळत, आणि त्या छावण्या ज्या गावांत होत्या तिथे हाली हे परके नाणे होते. हाच तो जुना भेद, आता लढाईच्या हिशेबात.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारताची पोलीस कारवाई झाली आणि पाच दिवसांत संस्थान शरण आले. आता कोणी असे समजेल, की निजामाची सत्ता गेली त्या दिवशी त्याचा रुपयाही गेला. तसे झाले नाही, आणि हीच गोष्ट त्या रुपयाला सार्वभौमत्वाचे प्रतीक मानणाऱ्यांना अडचणीची आहे. सत्ता गेली, निजाम राजप्रमुख झाला, तरी उस्मानिया रुपया चालतच राहिला. लष्करी राजवटीने आणि मागाहून आलेल्या नागरी सरकारने पगार याच रुपयात दिले. १९५० पासून भारतीय रुपया शेजारी आला, १९५१ मध्ये भारताचे चलनविषयक कायदे या राज्याला लागू झाले आणि नवे हाली निघायचे थांबले. जुने मात्र आणखी काही वर्षे फिरू दिले. दर तोच, सहाला सात. सत्तर ओ. एस. चा कारकून साठ आय. जी. चा झाला. खरेदीशक्तीत फरक नव्हता, पण पगाराचा आकडा दहाने घटलेला पाहून कोणाच्या जिवाला बरे वाटणार? निवृत्तिवेतनाच्या, भाड्याच्या आणि जुन्या कर्जांच्या दाव्यांत न्यायालयांना पुढे कितीतरी काळ ओ. एस. चे आय. जी. करत बसावे लागले. ज्या चलनाच्या मागे सिंहासन उरले नव्हते ते एवढी वर्षे टिकले, कारण त्याच्या मागे सिंहासन फारसे कधी नव्हतेच. मागे होता तो एक ठरलेला दर आणि दिल्लीचे रोखे, आणि ते दोन्ही शाबूत होते.

या आवराआवरीच्या काळात दिल्लीत अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावात जन्मलेले. १९४३ ते १९४९ ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि भारतीय नोटांवर त्यांची सही असे. म्हणजे लायक अलींनी ज्या नोटा बेकायदा ठरवायचा घाट घातला त्यांच्यावर या मराठी माणसाचे नाव होते. १९५० ते १९५६ ते अर्थमंत्री होते आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, हे महाराष्ट्र जाणतो. जानेवारी १९५३ मध्ये त्यांचा विवाह राजमहेंद्रीच्या दुर्गाबाईंशी झाला, घटना समितीच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक. उतारवयात दोघे हैदराबादेत राहिले. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या आणि चिंतामणराव १९८२ मध्ये. उस्मानिया सिक्क्याचा शेवट ज्यांच्या कारकिर्दीत झाला त्या अर्थमंत्र्याच्या पत्नीचे नाव आज ओ. यू. च्या शेजारी, अंबरपेठेतल्या एका वस्तीला आहे. यातून इतिहासाचा काही न्याय वगैरे काढायचा मोह मी टाळतो. वस्त्यांना नावे देणाऱ्यांच्या डोक्यात दुर्गाबाईंचे रुग्णालय आणि शाळा होत्या. चलनाचा विचार कोणाच्याही मनात नसणार.

राहता राहिला एक व्यावहारिक प्रश्न, जो जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याला आजही पडतो. हैदराबादेतल्या त्या काळच्या एखाद्या खरेदीखतात फसली साल आहे, चतुःसीमा आहेत, रक्कम आहे, पण रकमेमागे ओ. एस. नाही आणि बी. जी. ही नाही; नुसते रुपये. कोणते धरायचे? वर मांडलेला विचार बरोबर असेल तर उत्तर कागदाच्या ठिकाणावर अवलंबून राहील. दोन्ही पक्ष निजामाच्या हद्दीतले, कागद संस्थानाच्या कचेरीत नोंदलेला आणि जमीन अंबरपेठेसारख्या निव्वळ संस्थानी भागातली असेल, तर अक्षरे नसणे हे हालीचेच लक्षण मानावे लागते. कारण तिथे दुसऱ्या रुपयाची आठवण ठेवायचे कारण कोणालाच नव्हते. सिकंदराबादच्या छावणीतल्या कागदावर नुसते रुपये असतील तर ते कलदार. आणि एक पक्ष इकडचा, दुसरा तिकडचा असूनही अक्षरे नसतील तर मात्र सावध रहावे. एक तर कारकून आळशी होता, नाहीतर रक्कम संदिग्ध ठेवण्यात कोणाचा तरी शेकडा साडेसोळा रुपयांहून थोडा अधिकच फायदा होता.